ज्याला काही लागत नाही

मध्यभारत नावाचं एक राज्य होतं, हे आता सांगावं लागतं. त्याला राजधान्या दोन होत्या. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला बसायचं, उन्हाळा लागला की इंदूरला यायचं. सरकारबरोबर फायली यायच्या आणि फायलींबरोबर कारकून. आमचे हे त्या कारकुनांपैकी एक. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी हे ग्वाल्हेरहून आले ते खोकला घेऊनच. सगळे म्हणाले, तिकडची थंडी बाधली. इंदूरला उन्हं तापली तरी खोकला जाईना. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. मग एक दिवस हे ऑफिसातून रुमाल मुठीत आवळून आले आणि कुणाशी न बोलता न्हाणीत तो धुवायला गेले. मी पाहिला होता.

क्षय हा शब्द आमच्या रामबागेतल्या घरात कुणी उच्चारला नाही. सासूबाई ‘त्याची छाती’ एवढंच म्हणायच्या. सासरे दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मुळात कमी बोलणारे, ते आणखी गप्प झाले. त्यांनी ओळखीतून शहराबाहेरच्या सॅनिटोरियममध्ये खाट मिळवली. आणि सासूबाईंनी नवस बोलायला सुरुवात केली.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. एकुलता एक मुलगा, त्याला असलं दुखणं. त्यांच्या हातात दुसरं काय होतं? खजराण्याच्या गणपतीला एकवीस वाऱ्या बोलल्या. महादेवाचे सोळा सोमवार. दत्ताचं पारायण. देवीची ओटी, खंडोबाची तळी, शनिवारी मारुतीला तेल. बोलायच्या त्या, करायचं मी, कारण त्यांचे गुडघे गेलेले आणि नवरा माझा. सोमवारी भात सोडला, गुरुवारी मीठ सोडलं, साखर तर हे बरे होईपर्यंत बंदच. कुठल्या वारी काय खायचं नाही हे मी एका कागदावर लिहून ठेवलं होतं. चुकलं तर सासूबाई ओरडायच्या नाहीत, नुसत्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ते जास्त जड जायचं.

सॅनिटोरियममध्ये रोग्यांच्या खाटा लांब व्हरांड्यात असायच्या, हवा मिळावी म्हणून. मागच्या बाजूला बरोबर आलेल्या माणसांसाठी खोल्यांची एक ओळ होती. एक खोली, एक चूल, समोर ओटा. आठवड्यातले पाच दिवस मी तिथे राहायचे, नवसाच्या दिवशी शहरात यायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि आरशात पाहायची मला भीती वाटायची.

यांच्या शेजारच्या खाटेवर एक मुसलमान मास्तर होते. इंदूरच्या एका शाळेत उर्दू-फारसी शिकवायचे. पन्नाशीचे, दाढी पिकलेली, अंगात नुसती हाडं. मराठी मात्र असं बोलायचे की सासऱ्यांनी ऐकलं असतं तर खूश झाले असते. जुन्या दरबारी घरांतली मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे भाषा तिथलीच. त्यांची बायको माझ्या शेजारच्या खोलीत. मला ती ‘बाई’ म्हणायची, मी तिला ‘आपा’. ती माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी असेल. मूल नव्हतं. माहेर बेटम्याचं, म्हणून बोलण्यात माळवी फार.

ओळख अंड्यांवरून झाली. डॉक्टरांनी यांना रोज दोन अंडी सांगितली. अंडं म्हणजे काय हे आमच्या घराला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी वॉर्डबॉयने कागदाच्या पुडीत आणून दिली, ती मी हातात धरून ओट्यावर उभी राहिले. चुलीवर ठेवायचं धाडस होईना. सासूबाईंना कळलं तर, आणि त्यापेक्षा, इतक्या देवांना इतकं काही बोलून ठेवलेलं, त्यांतल्या कुणाला हे चालणार नसेल तर?

आपा तिच्या दारात लसूण सोलत होती. म्हणाली, “लाओ बाई, मेरे को दे दो. मैं उबाल देती. साब के लिए दवाई है, दवाई में कैसा परहेज?”

मी दिली. त्या दिवसापासून यांची अंडी तिच्या चुलीवर उकडायची. ती सोलून, मीठ लावून बशीत द्यायची, आणि मी पदराच्या टोकाने बशी धरून यांच्याकडे न्यायचे. आठवडाभर पदराने धरली. मग एक दिवस विसरले आणि तशीच हाताने नेली. काही झालं नाही.

दुपारी दोन ते चार रोग्यांनी पडून राहायचं, बोलायचंसुद्धा नाही, असा नियम होता. आम्ही बाया त्या वेळात आमच्या ओट्यांवर बसायचो. आपाची जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज आधीच उरकलेली असायची. मग ती डोळे मिटून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत बसायची. एकदा मी विचारलं, काय मोजतेस?

“नाम,” ती म्हणाली. “अल्लाह के निन्यानवे नाम हैं. मास्टर साब ने सिखाए. बीच में भूल जाती हूं तो वापस पहले से.”

“आमच्याकडे विष्णूची हजार नावं आहेत,” मी म्हटलं. का कोण जाणे, मला तेव्हा थोडी बढाई मारावीशी वाटली.

“हजार!” आपा म्हणाली. “याद रहते सब?”

मला दहाही येत नव्हती. दोघी हसलो.

हे संभाषण तिने संध्याकाळी मास्तरांना सांगितलं असावं. चारनंतर मी यांना दूध द्यायला गेले तेव्हा मास्तर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, “बाई, सहस्रनाम ऐकलंय मी. आमच्या शाळेतले शास्त्रीबुवा मधल्या सुट्टीत म्हणत असत. फार गोड.”

मी म्हटलं, “म्हणजे आपलं सगळं एकच आहे ना, मास्तरसाहेब?”

मला वाटलं होतं ते हो म्हणतील. असं विचारलं की माणसं हो म्हणतात, आणि विषय संपतो. मास्तर उशीवरून जरा सरळ झाले. मग म्हणाले, “नाही बाई. फरक आहे. नाही म्हणून काय उपयोग? तुमचा देव जन्म घेतो. रांगतो, लोणी खातो, रणांगणावर रथ हाकतो. आमचा कुणाच्या पोटी जन्मला नाही, त्याच्या पोटी कुणी जन्मलं नाही. त्याला रूप नाही, चित्र नाही. त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही, म्हणून तो अमक्यासारखा आहे असं सांगायची सोयच नाही. आम्ही एक म्हणतो ना, तो एक-दोन-तीनमधला एक नव्हे. ज्याच्यापुढे दोन येतच नाही, तो एक.”

हे खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. म्हणाले, “मग त्याचं ध्यान तरी कसं करायचं?”

“करू नका,” मास्तर म्हणाले. “त्याचं ऐकायचं. आणि त्याचं देणं बघायचं. हे दूध बघा.” मग त्यांना खोकला आला, आणि बोलणं तिथेच थांबलं. परिचारिका रागावली ती मलाच.

आपाचा देव मास्तरांच्या देवापेक्षा जरा वेगळा होता. ती एकदा तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, “लोग मेरे को बांझ बोलते थे. सास तो मुंह पे बोलती थी. मैं सोचती, चलो, जिसकी न मां है न औलाद, वो तो समझेगा अकेलापन क्या होता.”

मास्तरांना तिने हे कधी बोलून दाखवलं होतं का, मी विचारलं.

“बोला था एक बार. बोले, तौबा करो. वो अकेला नहीं है, वो एक है. तुम अपने ऊपर से उसको मत नापो.” तिने एक खडा फेकला. “आदमी लोग पढ़ेले हैं. सही ही बोलते होंगे.”

पावसाळा संपता संपता यांचा दुसरा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी मला व्हरांड्याबाहेर बोलावून सांगितलं की डाग वाढलाय, आता छातीत हवा भरून ते फुप्फुस निजवून ठेवावं लागेल. सुई बरगड्यांच्या मधून जाते. ते बोलत होते आणि मी त्यांच्या बुटांच्या नाड्या बघत होते. त्याच दुपारी सासऱ्यांचा माणूस डबा घेऊन आला, डब्याबरोबर सासूबाईंची चिठ्ठी. अजून डाग गेला नाही म्हणजे आपल्याकडून कुठेतरी कमी पडलंय, तेव्हा सूनबाईने आता चातुर्मास संपेपर्यंत एकभुक्त राहावं, असं लिहिलं होतं.

मी चिठ्ठी ओट्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. रडू आलं नाही. नुसतं असं वाटलं की माझे हात खांद्यापासून सुटून खाली पडतील. आपाने चिठ्ठी पाहिली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण तोंड वाचता येत होतं.

मी तिला विचारलं, “तुमचा अल्लाह काय घेतो?”

“मतलब?”

“म्हणजे, काम करायचं तर त्याला काय लागतं? नारळ, उपास, वाऱ्या, काय?”

“कुछ नहीं,” ती म्हणाली. “वो बेनियाज़ है.”

हा शब्द मला नवा होता. तिने समजावलं. ज्याला कशाची गरज नाही तो. सगळ्यांना तो लागतो, त्याला कुणी लागत नाही. आपण पूजा केली तर तो मोठा होत नाही, नाही केली तर लहान होत नाही.

मला दिलासा वाटायला हवा होता. मला राग आला. इतका की मी उभी राहिले. “मग तुम्ही रोज पाच वेळा वाकता कशाला? रोजे कशाला करता? ज्याला काहीच नको त्याच्याशी व्यवहार तरी कसला? माझ्या गणपतीला निदान एकवीस वाऱ्या हव्यात. एकवीस झाल्या की मी म्हणू शकते, आता तू दे. तुमच्याला तर काही म्हणताही येत नाही!”

मी हे मराठीत भडाभडा बोलले. आपाला किती समजलं माहीत नाही. ती म्हणाली, “बैठो बाई. पहले बैठो.” मग माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी तिच्या तांब्यातलं पाणी प्यायले. पिऊन झाल्यावर लक्षात आलं, आणि लक्षात आलं तरी काही वाटलं नाही. मी इतकी थकले होते.

“मैं अपने लिए झुकती हूं,” ती तांब्या उचलून घेत म्हणाली. “सीधी खड़ी-खड़ी थक जाती हूं, इसलिए. उसको क्या फरक पड़ना है?”

तरी मी एकभुक्त राहायला लागले. सासूबाईंची चिठ्ठी टाळायची ताकद माझ्यात नव्हती. यांच्या छातीत हवा भरायला सुरुवात झाली. आठवड्यातून एकदा. त्या दिवशी हे भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि मास्तर आपली खाट जवळ ओढायला लावून यांना काहीबाही सांगत बसायचे. मुलांच्या खोड्या, दरबारातल्या गमती. देवाचं काही नाही.

कार्तिकातली संकष्टी गुरुवारी आली. माझी खजराण्याची वारी होती. आपा सकाळीच म्हणाली, मी पण येते. तिला कुठे जायचंय हे तिने सांगितलं नाही, मास्तरांना शहरात बहिणीकडे जाते असं सांगितलं. आम्ही बसने शहरात आलो आणि तिथून टांगा केला. पलासिया ओलांडलं की तेव्हा शेतंच लागायची. गव्हाची पेरणी चालली होती. टांगेवाला आम्हा दोघींकडे वळून वळून बघत होता, एक बुरख्यातली, एक नऊवारीतली, माझ्या हातात हार आणि दूर्वा.

खजराण्यात एका बाजूला गणपती आहे आणि दुसऱ्या बाजूला एका पीराचा दर्गा. आपा टांग्यातून उतरली आणि दर्ग्याकडे वळली. जाता जाता मागे बघून म्हणाली, “मास्टर साब को मत बताना.”

गणपतीपुढे मी उभी राहिले. ती सतरावी वारी होती. दरवेळी मी ठरलेलं वाक्य म्हणायचे: यांना बरं कर. त्या दिवशी हात जोडले आणि वाक्य तोंडातून निघेना. मनात दुसरंच आलं, अगदी स्पष्ट. मला झोपू दे. एक दिवस, एक रात्र, कुणी न उठवता. यांचं काय व्हायचं ते होवो, पण मला झोपू दे.

मी घाबरले. प्रदक्षिणा न घालताच बाहेर आले. दर्ग्याच्या बाहेर बायांसाठी जागा होती, तिथे जाळीला शेकडो धागे बांधलेले होते. आपा जाळीला कपाळ टेकून उभी होती आणि एक लाल धागा बांधत होती. तिची गाठ बसत नव्हती. मी पुढे होऊन धाग्याचं एक टोक धरलं. तिने गाठ मारली.

तिथेच एका झाडाखाली बसलो. मी विचारलं, “आपा, त्याला तर काही लागत नाही ना?”

“उसको नहीं लगता,” ती म्हणाली. “मेरे को लगता है.” मग चेहरा झाकून घेतला. “मास्टर साब बोलते हैं, मांगना है तो उसी से मांगो, बीच में किसी को मत लाओ. सही बात है. मैं उसी से मांगती हूं. पर बाई, सामने कोई नहीं दिखता तो हाथ कहां रखूं?”

हाच प्रश्न घेऊन माझे सासर-माहेरचे सगळे लोक पिढ्यान्‌पिढ्या जगले होते, आणि त्यांनी आपापल्या परीने त्याचं उत्तर शोधलं होतं. पण मला काही शहाणपणाचं बोलायचं नव्हतं. मी तिला गणपतीपुढे मनात काय आलं ते सांगितलं. कुणालाच सांगितलं नसतं, तिला सांगितलं. मला वाटलं ती कानांना हात लावेल.

ती म्हणाली, “तो इसमें क्या गुनाह हो गया? जो है वोई तो निकलेगा. उससे छुपा के कहां ले जाओगी?”

परतीच्या बसमध्ये मी तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. सॅनिटोरियमचा थांबा गेला तरी तिने मला उठवलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही दोन मैल उलट चालत आलो. तिने मास्तरांना काय सांगितलं माहीत नाही. पण मास्तर दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “बहिणीचं घर फार लांब आहे म्हणे,” आणि हसले. त्यांना कळलं होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मास्तर गेले. दुपार होती, पडून राहायची वेळ. खोकल्याची उबळ आली आणि तोंडातून रक्त आलं, ते थांबलंच नाही. ह्यांनी घंटा वाजवली. आम्ही दोघी धावत गेलो तेव्हा परिचारिका तोंडाशी भांडं धरून उभी होती आणि मास्तर आपाकडे बघत होते. बोलायचा प्रयत्न करत होते. आपा खाली वाकली आणि तिनेच त्यांच्या कानाशी कलमा म्हटला, मुलाला पाढा सांगावा तसा सावकाश, पुन्हा पुन्हा. त्यांचे ओठ हलले का हे मला दिसलं नाही. तिला दिसले असं ती म्हणाली.

ती रडली नाही. आपण सगळे अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परत जायचं, या अर्थाचं जे म्हणतात ते तिने म्हटलं आणि त्यांचे डोळे मिटले. मग एकदम मला म्हणाली, “साब के अंडे चूल्हे पे हैं. उतार दो, जल जाएंगे.”

मी जाऊन उतरवली. पाणी आटलं होतं. एकाचं कवच फुटलं होतं. ती सोलून मी यांना दिली, आणि यांनी रिकाम्या खाटेकडे पाठ करून खाल्ली. संध्याकाळच्या आत शहरातून लोक आले आणि मास्तरांना घेऊन गेले.

नवरा गेल्यावरच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस तिला घराबाहेर पडायचं नव्हतं. दौलतगंजातलं त्यांचं घर मला ठाऊक होतं. मी सासूबाईंना न सांगता एकदा तिकडे गेले. आपा जमिनीवर सतरंजी टाकून बसली होती. हातातल्या बांगड्या नव्हत्या. मी नमाजचं विचारलं.

“पढ़ती हूं,” ती म्हणाली. “पर मांगती कुछ नहीं. मांगने को कुछ बचा ही नहीं. सजदे में सर रख के पड़ी रहती हूं. कभी आंख लग जाती.” मग म्हणाली, “मास्टर साब बोलते थे, उसको न नींद आती, न थकान. मैं सोचती, अच्छा है. कोई तो जागे. मेरे से तो अब होता नहीं.”

हे पुढच्या उन्हाळ्यात घरी आले. नवं इंजेक्शन तोवर मिळायला लागलं होतं. हवेने झालं, इंजेक्शनने झालं, अंड्यांनी झालं, की वाऱ्यांनी, मला सांगता येत नाही. सासूबाईंना शंका नव्हती. यांचं वजन भरलं तशी त्यांनी नवस फेडायची यादी काढली. बोलताना मी मोजलं नव्हतं. आता ऐकलं. जेजुरी, कोल्हापूर, ओंकारेश्वर, ब्राह्मणभोजनं, उद्यापनं. दोन वर्षं पुरेल इतकं.

मी ताट घासत होते. हात न थांबवता म्हटलं, “सासूबाई, माझ्याने होणार नाही.”

“म्हणजे?”

“मी थकले. देवाला राग येत असेल तर येऊ दे. पण मला नाही वाटत त्याला येईल. त्याला आपल्याकडून काही लागत असेल, असंच मला आता वाटत नाही.”

घरात असं कुणी बोललं नव्हतं. सासरे पेपर बाजूला ठेवून उठून गेले.  सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे त्या सॅनिटोरियममधल्या बाईने शिकवलं का तुला?”

“नाही,” मी म्हटलं. “ती स्वतः धागे बांधते.”

सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी पहाटे त्या एकट्याच काठी टेकत खजराण्याला निघाल्या, सतराव्यानंतर मी सोडून दिलेल्या चार वाऱ्या पुऱ्या करायला. जिन्यात गुडघा धरून बसलेल्या मला दिसल्या. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि टांगा आणायला गेले. वाऱ्या झाल्या. जेजुरी झाली. उरलेलं हळूहळू त्यांनीच सोडून दिलं, कधी ते मला कळलंही नाही. मी पुन्हा भांडले नाही. माझ्या मनाचं माझ्यापाशी राहिलं, त्यांच्या मनाचं त्यांच्यापाशी.

छप्पनला मध्यभारत मोडलं आणि राजधानी भोपाळला गेली. यांची बदली झाली. निघायच्या आधी मी आपाला भेटायला बेटम्याला गेले. इद्दत संपल्यावर ती भावाकडे राहायला गेली होती. बस धारच्या रस्त्याला लागली, तासाभरात पोचले. भावाचं घर मोठं होतं, माणसं भरपूर. आपा अंगणात सुपात मिरच्या घेऊन देठं काढत बसली होती. केस सगळे पांढरे झाले होते. भावजय मला पाणी देऊन आत गेली, आणि आतून भांड्यांचा जरा जास्तच आवाज येत राहिला.

मी तिच्याजवळ बसून देठं काढायला लागले. यांची तब्येत, भोपाळ, सासूबाईंचं जाणं, सगळं सांगून झालं. ती आता गल्लीतल्या मुलींना अरबी वाचायला शिकवते म्हणाली. मास्तर असते तर तिच्या उच्चारांना हसले असते.

“आपा,” मी विचारलं, “आता मागतेस का काही?”

तिने एका मिरचीचं देठ खुडलं. मग म्हणाली, “पहले मैं मास्टर साब के अल्लाह को मानती थी. जो वो बोलें, वोई सही. वो गए तो लगा वो भी चला गया. फिर पड़ी रही, पड़ी रही. अब थोड़ा-थोड़ा मेरा अपना हुआ है.” आणि माझ्याकडे न बघता, “बाई, समझ में तो अब भी नहीं आता. पर डर नहीं लगता.”

मशिदीतून दुपारची अजान आली. ती हात धुवायला उठली. मिरच्यांचे हात म्हणून तिने ते तीन वेळा राखेने घासले. म्हणाली, पाच मिनिटांत येते, तू बसून राहा. मी अंगणात देठं काढत राहिले. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ती वाकली, उठली, पुन्हा कपाळ टेकलं. पाच मिनिटांची पंधरा झाली. रस्त्यावरून माझ्या बसचा भोंगा ऐकू आला, एकदा, दोनदा, मग बस गेली. मी तिला हाक मारली नाही.

ती बाहेर आली तेव्हा मी तिथेच बसलेली पाहून थबकली.

“अरे! बैठी हो अभी तक? बस?”

“गेली.”

“अब तो चार बजे है दूसरी.”

“असू दे,” मी म्हटलं.

तिने ओढणीने डोळे पुसले, मिरचीचे की कशाचे. आणि माझ्यासमोर बसून उरलेल्या मिरच्यांचं सूप आपल्याकडे ओढलं.